हप्त्याच्या नावाने आलेली फाईल उघडू नका!



मागे आमच्या कार्यालयात एक शेतकरी दादा आले. मोबाईल पुढं धरून म्हणाले, "साहेब, हे उघडलं आन् सोयाबीनचं पैसं गेलं." बघतो तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाईल. नाव पीएम किसान, शेवटी 'एपीके'. सोबत मजकूर : आजच केवायसी करा, नाहीतर हप्ता बंद होईल. फाईल गावातल्याच ओळखीच्या नंबरवरून आलेली, म्हणून शंका आली नाही.

"कधी झालं हे?" विचारलं, तर म्हणाले, "चार दिस झालं. लोक हसतील म्हणून गप बसलो."

ही लाजच महागात पडते, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

एपीके म्हणजे साधा फोटो किंवा पत्र नव्हे, ते ॲप असते. बसवताना ते मेसेज वाचण्याची परवानगी मागते. आपण 'हो' म्हटले की बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. पुढे तीच फाईल आपल्याच नंबरवरून इतरांना पाठवली जाते. म्हणून ओळखीचा नंबर दिसला, तरी आधी फोन करून विचारा.

पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये २,००० च्या तीन हप्त्यांत येतात. त्याची ई-केवायसी योजनेच्या सरकारी संकेतस्थळावर ओटीपीने, सेवा केंद्रात अंगठा लावून किंवा योजनेच्या अधिकृत ॲपमध्ये चेहरा दाखवून होते. संकेतस्थळाचा पत्ता 'गव्ह डॉट इन' ने संपतो का, ते पाहा. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या. घाई करा, नाहीतर बंद होईल, असा दम दिला असेल तर तिथंच थांबा.

चुकून फाईल उघडलीच तर :

१) मोबाईल लगेच फ्लाईट मोडवर टाका, वायफाय बंद करा.

२) दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा. नंबर पासबुकावरचा घ्या, मेसेजमधला नको. खाते, एटीएम कार्ड, यूपीआय थांबवायला सांगा. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

३) पैसे गेले असल्यास १९३० वर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी अडवता येऊ शकते. म्हणून इथं मिनिटालाही किंमत आहे.

४) संशयित ॲप काढून टाका. निघत नसेल तर माहितगाराकडून मोबाईल पूर्ण कोरा करून घ्या.

५) जीमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या मोबाईलवरून बदला. जीमेल व व्हॉट्सअ‍ॅपला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. यूपीआय पिन मोबाईल साफ झाल्यावरच बदला.

रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले की, ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे उशीर जेवढा, तेवढा आपलाच तोटा.

बंधूंनो, कपाशीत गुलाबी बोंडअळी दिसली तर आपण ती लपवत नाही, शेजाऱ्यालाही सांगतो. कारण ती त्याच्याही रानात जाणार असते. ही फाईलही तशीच पसरते. फसला असाल तर आधी बँकेला सांगा, मग घरात सांगा आणि गावाच्या ग्रुपवरही सांगा. हसणारे दोन दिवस हसतील, पण दहा घरं वाचतील.