खावटी वेळेवर मिळाली असती तर

सप्टेंबर 2022 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात उभाडे गावच्या कातकरी आदिवासी वस्तीतली दहा-अकरा वर्षांची मुलगी दगावली. काही हजार रुपये आणि मेंढीच्या बदल्यात तिला नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळाकडे राबायला ठेवलं होतं. चौकशी सुरू झाली, तशी अशी ठेवलेली आणखी मुलं सापडत गेली. अशी वेठबिगारी 1976 च्या कायद्याने गुन्हा ठरली, त्याला तेव्हा 46 वर्षं झाली होती.

आईबापांना निर्दयी म्हणून मोकळं होण्याआधी या घरांचं वर्ष कसं जातं ते पाहावं. खैरापासून कात काढणं हा कातकऱ्यांचा मूळ धंदा. इंग्रजांनी जंगलं राखीव केली आणि तो बुडाला. मग कोळसा पाडणं आलं, वीटभट्ट्या आल्या. भट्टीमालक हंगामाआधी उचल देतो आणि नवरा-बायको ती अंगमेहनतीने फेडत राहतात. पाऊस लागला की भट्टी बंद. बहुतेकांना जमीन नाही. भाताची लावणी उरकली की हाताला काम नाही, चुलीवर काही नाही. जातीचा दाखला, रेशनकार्ड नसलेल्या घराला कर्ज कोण देणार? अशा वेळी दलाल दारात येतो. एक पोर पाठवलं की खाणारं एक तोंड कमी, हा हिशेब भूक करायला लावते.

मेंढपाळही सुखवस्तू नसतो. चराईची रानं आटली, पगारी गडी परवडत नाही. पण म्हणून त्याचा गुन्हा माफ होत नाही.

कातकऱ्यांच्या पावसाळी तंगीवर सरकारकडे उपाय होता. आदिवासी कुटुंबांना 1978 पासून खावटी कर्ज, म्हणजे पावसाळ्यात खाण्यापुरतं कर्ज, मिळे. ते 2013 नंतर थांबलं. कोरोनाच्या 2020 मध्ये एका वर्षापुरतं अनुदान जाहीर झालं: घरटी 4000 रुपये, निम्मे रोख, निम्म्याच्या वस्तू. इगतपुरीत मुलांचे सौदे झाले, तेही अशाच रकमांत.

गुन्हे नोंदवावेत, शिक्षा व्हावी. पण मुक्त झालेल्या मुलाची पुनर्वसनाची पूर्ण रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधलेली असते, आणि तोवर ते पोर त्याच घरात पुढचा पावसाळा काढतं. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिक शहरातच आहे. त्याने कातकरी वस्त्यांना दरवर्षी जूनच्या आत खावटी पोहोचवावी. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांना आधी द्यावी, कागद मागून करावेत.