मामाला डब्यात सापडलं स्टेशन!

हे वाक्य वाचा बरं:

मामाला डब्यात सापडलं स्टेशन (३)

काय आलं डोळ्यांसमोर? लोकलचा डबा? की मामाच्या जेवणाच्या डब्यात पोळीभाजीखाली बसलेलं चिमुकलं स्टेशन? जे काही आलं असेल ते पुसून टाका. आता अर्थ लावू नका, नुसती अक्षरं पाहा: मा-मा-ला-ड-ब्या-त. पहिला 'मा' सोडा आणि पुढची तीन अक्षरं जोडा.

मा-ला-ड. मालाड! गोरेगाव आणि कांदिवलीच्या मधलं.

म्हणजे वाक्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. 'मामाला डब्यात' या दोन शब्दांमध्ये खरंच एक स्टेशन सापडतं. कंसातला ३ सांगतो, उत्तराची अक्षरं किती. आपणच मामाच्या मागे धावत सुटलो!

अशा फसव्या वाक्याला म्हणतात क्रिप्टिक क्लू. साधं शब्दकोडं तुम्ही पेपरात पाहिलं असेलच. तिथे 'कमळ (३)' असं विचारतात आणि आपण 'पंकज' किंवा 'जलज' लिहून मोकळे होतो. क्रिप्टिक कोड्यात मात्र प्रत्येक क्लू उत्तर दोनदा सांगतो. एकदा सरळ अर्थाने आणि एकदा अक्षरांच्या खेळाने. सरळ अर्थ बहुधा वाक्याच्या एका टोकाला असतो. वरच्या क्लूत तो शेवटी आहे: स्टेशन. 'सापडलं' हा शब्द खेळ कोणता ते सुचवतो. उरलेले शब्द म्हणजे कच्चा माल.

खेळ तरी किती प्रकारचे? चला, मुंबईच्या उपनगरांतून एक चक्कर मारू.

शेपटीवाली लोणच्याच्या बरणीत (२)

झाडावर तुरुतुरु पळणारी, झुपकेदार शेपटीची कोण? खार. लोणच्याच्या बरणीत फोडींभोवती काय मुरतं? तोही खार! हा दुहेरी अर्थाचा क्लू. दोन वेगळे अर्थ शेजारी ठेवायचे आणि वाचणाऱ्याला वाटू द्यायचं की बिचारी खार बरणीत पडली. सांताक्रूझच्या अलीकडे खार नावाचं स्टेशन आहे, म्हणजे तिसरा अर्थही हाताशी आहेच.

डोंगरातल्या रस्त्याला हाताचा सांधा जोडला, मेट्रो तिथेच संपली (५)

डोंगरातला रस्ता म्हणजे घाट. हाताचा सांधा म्हणजे कोपर. घाट अधिक कोपर, झालं घाटकोपर! वर्सोव्याहून अंधेरीमार्गे येणारी मेट्रो तिथेच संपते. मुंबईची ही पहिली मेट्रो, ८ जून २०१४ ला सुरू झाली. हा झाला जोडाजोडीचा क्लू. गावाला हे नाव खरोखर कशावरून पडलं, याच्याशी क्लूला काही देणंघेणं नाही. त्याला फक्त अक्षरं जुळायला हवी असतात.

कांद्याचा शेंडा छोट्या दिव्याला लावला, उतरा बोरिवलीच्या आधी (४)

कांद्याचा शेंडा म्हणजे 'कांदा' या शब्दाचं पहिलं अक्षर: कां. छोटा दिवा म्हणजे दिवली. कां अधिक दिवली, कांदिवली! क्लूमध्ये शेंडा, टोक, डोकं, सुरुवात असा शब्द दिसला की कान टवकारा. बहुतेक वेळा पहिलंच अक्षर हवं असतं.

कालाच ढवळला आणि वर आलं मेट्रोचं स्टेशन (३)

दहीहंडीचा काला आठवला ना? आठवू दे. पण ढवळायचं आहे ते 'कालाच' या शब्दाला! का, ला, च ही तीन अक्षरं सहा प्रकारे मांडता येतात: कालाच, काचला, लाकाच, लाचका, चलाका, चकाला. शेवटचं अंधेरीजवळचं मेट्रो स्टेशन आहे. ढवळणं, विस्कटणं, नाचणं, गोंधळ घालणं असे शब्द म्हणजे अक्षरांची अदलाबदल. तीन अक्षरांच्या ६ मांडण्या होतात, चार अक्षरांच्या २४ आणि पाच अक्षरांच्या १२०. (सगळी अक्षरं वेगवेगळी असली तर हं!)

उलटा काना काढला चार रस्ते मिळतात तिथे (२)

'काना' उलटा वाचा: नाका! इथे एक गंमत बघा. आपण उलटं वाचतो ते अख्खं अक्षर धरून. 'का'मधला काना 'क'ला सोडून जात नाही. काना, मात्रा, वेलांटी, उकार आपापल्या अक्षराला चिकटूनच फिरतात. इंग्रजी कोड्यात प्रत्येक स्वराला स्वतंत्र चौकोन मिळतो, त्यामुळे तिथे मालाडला पाच चौकोन लागतात आणि आपल्याला तीनच. म्हणून इंग्रजीत अदलाबदलीचे क्लू भरपूर असतात. पण आपल्याकडे संधी आहे! गोरेगावच्या पुढचं तेच स्टेशन असंही लपवता येतं: 'सामान टेकलं विहिरीला, गोरेगावच्या पुढे (३)'. सामान म्हणजे माल, विहीर म्हणजे आड. माल अधिक आड, मालाड. व्याकरणाच्या तासाला शिकलेली संधी अशी कामाला येते.

आता खरा प्रश्न. उत्तर समोर असताना आपण का फसतो?

कारण आपला मेंदू वाचण्यात फार तरबेज झालेला असतो. एक प्रयोग करा. निळ्या स्केचपेनने 'लाल' लिहा, हिरव्याने 'पिवळा', लालने 'निळा'. असे दहाबारा शब्द लिहा आणि मित्राला सांगा, शब्द वाचू नकोस, शाईचा रंग भराभर सांग. बघा कसा अडखळतो! जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने असा प्रयोग १९३५ साली प्रसिद्ध केला. वाचायला एकदा नीट आलं की न वाचणं अवघड होतं. शब्द दिसला की अर्थ धावत येतोच. 'मामा' दिसला की मामा आला, 'डबा' दिसला की डबा उघडला. क्लू रचणारा याच सवयीचा फायदा घेतो.

मग उत्तर सुचतं तेव्हा काय होतं? हे तीन शब्द घ्या: हंडी, वडा, भात. तिघांच्याही आधी लागेल असा एकच शब्द सांगा. थोडं अडल्यासारखं होतं आणि एकदम 'अरेच्चा, दही!' या 'अरेच्चा'चा शोध मार्क युंग-बीमन, जॉन कौनियोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. लोकांच्या डोक्यावर विजेचे सूक्ष्म तरंग टिपणारी यंत्रणा लावून त्यांना अशीच कोडी घातली. २००४ साली त्यांनी निष्कर्ष छापले. उत्तर एकदम सुचलं असेल, तर बटण दाबण्याच्या सुमारे ०.३ सेकंद आधी मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाच्या वरच्या भागात, वेगवान तरंगांची एक उसळी दिसली. एकेक शक्यता तपासत उत्तर काढलं, तेव्हा ती तशी दिसली नाही. लांबलांबचे अर्थ जोडायला हा भाग मदत करतो, असं या शास्त्रज्ञांना वाटतं.

पण ही कोडी आली कुठून? आडव्या-उभ्या चौकोनांचं आजच्यासारखं शब्दकोडं पहिल्यांदा छापलं ते २१ डिसेंबर १९१३ ला, न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात. ते आर्थर विन यांनी रचलं होतं. इंग्लंडमध्ये गेल्यावर या कोड्याला फसवेगिरीची चटक लागली. पुढे शाळेत लॅटिन आणि ग्रीक शिकवणारे डी. एस. मॅकनट 'झिमेनीझ' या टोपणनावाने कोडी रचू लागले. १९६६ साली त्यांनी पुस्तक लिहून शिस्त घालून दिली: वाचणाऱ्याला चकवा खुशाल, पण क्लूत खोटं काही असता कामा नये आणि फालतू शब्दही नको.

दुसऱ्या महायुद्धात तर गंमतच झाली. १९४२च्या जानेवारीत लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने १२ मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली. त्यातल्या काही जणांना नंतर सरकारचं बोलावणं आलं. काम काय, तर शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणं! कोडी आणि सैन्य यांची गाठ भारतातही पडली: भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख व्हाइस ॲडमिरल आर. डी. कटारी निवृत्तीनंतर 'द हिंदू' या वर्तमानपत्रासाठी कोडी रचत असत.

आपल्याकडे ही हौस जुनीच. महाभारत लिहून घेताना गणपतीने अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही. मग दमायला झालं की व्यास एखादा कूटश्लोक टाकायचे. गणपती विचारात पडला की यांना पुढचे श्लोक रचायला उसंत! असे ८८०० कूटश्लोक होते, असं परंपरा सांगते. साक्षात बुद्धीच्या देवतेलाही विचार करायला लावणारे क्लू म्हणजे बघा.

आता तुमची पाळी. चारही उत्तरं मुंबईच्या उपनगरांतली स्टेशनं आहेत. जोडताना ऱ्हस्व-दीर्घ थोडं इकडेतिकडे चालेल.

१. अभ्यास आणि सहल, दोन्ही कुर्ल्याच्या पुढे (५)
२. विरजणाचं फळ शिक्षकांना दिलं बोरिवलीच्या पुढे (४)
३. चला, कज्जा करू पतंगाच्या टोकाशी, कांजूरमार्ग सोडल्यावर (३)
४. अडचणीत घुसलं रवीचं डोकं, पश्चिम रेल्वेवर (२)

अडलात तर वाक्याची गोष्ट विसरा. दोन्ही टोकं पाहा, सरळ अर्थ कुठे आहे ते ठरवा आणि मधल्या शब्दांची अक्षरं सुटी करा. सुटले की स्वतः रचायला घ्या. तुमच्या स्टेशनचं नाव कागदावर अक्षरं सुटी करून लिहा, तुकडे पाडा, उलटं वाचा, जवळच्या कुठल्या शब्दांत लपतंय का ते बघा. मग ते कोडं वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला घाला. ती चिडली तर क्लू चांगला. उत्तर कळल्यावर ती हसली तर फारच चांगला!

उत्तरं: १. विद्याविहार (विद्या + विहार). २. दहिसर (विरजणाचं फळ दही, शिक्षक म्हणजे सर, दुसरी वेलांटी पहिली झाली). ३. भांडुप (भांडू + पतंगाचा प). ४. वांद्रे (अडचण म्हणजे वांदे, त्यातल्या 'द'ला रवीचा 'र' जोडला की 'द्र').