मशीद बंदरचं स्मारक आणि न परतलेले खलाशी

मशीद बंदर स्टेशनजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये एक स्मारक आहे, बहुतेक मुंबईकरांना ठाऊक नसलेलं. पहिल्या महायुद्धात समुद्रात प्राण गेलेल्या 2,000 हून अधिक खलाशांचं, त्यांत व्यापारी बोटींवरचे भारतीय बरेच. यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या 6,000 हून अधिक जणांचीही इथे नोंद आहे.

यांतले बहुतेक नौदलाचे सैनिक नव्हते, पोटासाठी व्यापारी बोटीवर गेलेली माणसं होती. डेकवर सारंग, टंडेल हे मुकादम आणि त्यांच्या हाताखालचे खलाशी. त्यांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान बरेच. खानसामे आणि बटलर बहुधा गोव्याचे. बोट मिळेपर्यंत ते धोबी तलावच्या ‘कुडां’मध्ये, म्हणजे गावकीच्या खोल्यांत राहत. खाली बॉयलरपाशी भट्टीत कोळसा टाकणारे आगवाले. टॉर्पेडो इंजिनरूमवर बसला की वर यायला त्यांना वेळच मिळत नसे. पगार गोऱ्या खलाशाच्या तुलनेत फारच कमी. त्यातलाच काही घरी जाई.

बोट बुडाली की घरी मयत येत नसे, दफनही नाही. मनीऑर्डर थांबे, तीच कित्येकदा पहिली खबर.

तुमच्या घरातलं कुणी बोटीवर होतं का? जुन्या पेटीत नोकरीचं पुस्तक, फोटो असेल तर टाकू नका. महायुद्धांत गेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. इंग्रजांनी स्पेलिंगं हवी तशी लिहिलीत, तेव्हा दोन-चार तऱ्हांनी शोधा. सापडलं तर कमेंटमध्ये गावाचं नाव जरूर लिहा.