शंभर ग्रॅम आणि शेकडा जुड्या

अन्नघटक कोष्टक म्हणजे एखाद्या देशात खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांतील पाणी, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, तंतू, खनिजे आणि जीवनसत्त्वे यांची नोंद असलेला ग्रंथ होय. त्यातील प्रत्येक आकडा पदार्थाच्या 100 ग्रॅम खाद्य भागासाठी, म्हणजे साल, देठ, बी, कोय असे टाकाऊ भाग काढून उरणाऱ्या भागासाठी दिलेला असतो. शालेय पाठ्यपुस्तकातील पालेभाजीचे गुणगान, आहारतज्ज्ञाने लिहून दिलेला दिवसाचा आहार, अंगणवाडीच्या भिंतीवरचा तक्ता आणि शासनाने ठरवलेले माध्यान्ह भोजनाचे प्रमाण या सर्वांच्या मुळाशी हेच कोष्टक असते, मात्र त्याचा वापर करणाऱ्या बहुतेकांनी ते कधी उघडून पाहिलेले नसते. भारतात हा ग्रंथ घडवण्याचे काम जवळजवळ अखंडपणे एकाच संस्थेने केले आहे. ती संस्था म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अखत्यारीतील, हैदराबादच्या तारनाका भागात उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी असलेली राष्ट्रीय पोषण संस्था.

या संस्थेचा उगम हैदराबादेत नसून निलगिरीच्या डोंगरात, कुन्नूर येथील पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत आहे. तेथे 1918 मध्ये रॉबर्ट मॅक्कॅरिसन या ब्रिटिश लष्करी डॉक्टराने बेरीबेरी या रोगाच्या चौकशीसाठी छोटी प्रयोगशाळा सुरू केली. तिचे पुढे अभावजन्य रोगांच्या चौकशी केंद्रात आणि 1920 च्या दशकाच्या अखेरीस पोषण संशोधन प्रयोगशाळेत रूपांतर झाले. मॅक्कॅरिसनने हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचा आहार उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना खाऊ घालून त्यांची वाढ मोजली. गव्हाची पोळी, दूध, डाळ आणि कच्ची ताजी भाजी असलेल्या शीख आहारावरील उंदरांचे सरासरी वजन सर्वाधिक, म्हणजे 235 ग्रॅम भरले, मराठा आहारावरचे उंदीर 225 ग्रॅमपर्यंत पोहोचून तिसऱ्या क्रमांकावर राहिले, आणि सडीक तांदळावर आधारलेल्या मद्रासी आहाराचा गट 155 ग्रॅमवरच अडला. या प्रयोगातून प्रांताप्रांतांच्या शौर्याविषयी काढले गेलेले निष्कर्ष आज कोणी गांभीर्याने घेणार नाही, परंतु आहाराची परीक्षा एकेका पदार्थावरून न करता संपूर्ण ताटावरून करावी ही त्यामागची दृष्टी मोलाची होती. पुढे कोष्टकांच्या राज्यात ती बराच काळ मागे पडली.

मॅक्कॅरिसननंतर 1935 मध्ये आलेले वॉलेस अ‍ॅक्रॉइड यांनी 1937 मध्ये हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली आणि भारतीय कोष्टकाची परंपरा तेथून सुरू झाली. या परंपरेत मराठी माणसांचा वाटा ठळक आहे. केंब्रिजमध्ये बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे श्वसनक्रियेला आवश्यक द्रव्य असल्याचे दाखवून 1939 मध्ये डॉक्टरेट मिळवणाऱ्या कमला सोहोनी यांनी मायदेशी परतल्यावर काही वर्षे कुन्नूरच्या प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केले. विनायक नारायण पटवर्धन हे स्वातंत्र्याच्या आगेमागे प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, 1958 मध्ये, ती हैदराबादला हलली. 1969 मध्ये तिला आजचे नाव मिळाले, आणि 1971 मध्ये सी. गोपालन, रामशास्त्री व बालसुब्रमणियन यांनी सिद्ध केलेली कोष्टकाची नवी आवृत्ती निघाली. तिची 1989 मधील सुधारणा नरसिंग राव, देवस्थळे व पंत यांनी केली आणि पुढची जवळपास तीन दशके देशातील प्रत्येक गृहविज्ञान महाविद्यालयात तीच प्रमाण मानली गेली.

भाजीचा आकडा कसा होतो हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याची किंमत कळत नाही. प्रयोगशाळेत आलेली भाजी प्रथम धुऊन, निवडून तिचा खाद्य भाग वेगळा काढला जातो आणि त्याचे मूळ वजनाशी प्रमाण नोंदवले जाते. फणसाच्या बाबतीत हे प्रमाण जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतके भरते, म्हणजे ग्राहक बाजारात ज्याचे पैसे मोजतो त्याचा मोठा भाग कोष्टकाच्या हिशेबात येतच नाही. नंतर नमुना भट्टीत वाळवून त्यातील पाण्याचा अंश काढतात. ही पायरी वरवर किरकोळ वाटते, पण भाज्यांच्या बाबतीत अर्धे रहस्य येथेच उलगडते: जुन्या कोष्टकानुसार पालकात सुमारे 92 टक्के पाणी आहे, तर शेवग्याच्या पाल्यात 76 टक्के. म्हणजे शंभर ग्रॅम पाल्यातील घन भाग पालकाच्या तिप्पट आहे, आणि शेवग्याच्या आकड्यांचे जे कौतुक होते त्यातील काही वाटा केवळ या कमी पाण्याचा आहे. प्रथिने नत्राच्या मोजणीवरून काढतात, खनिजांसाठी नमुना जाळून त्याची राख करतात, आणि कॅरोटीनसारखी प्रकाशाने नासणारी द्रव्ये मंद उजेडात हाताळावी लागतात. क जीवनसत्त्व तर सर्वांत चंचल. जुन्या पद्धतीत आम्लात वाटलेला नमुना एका निळ्या रंगद्रव्याच्या द्रावणाशी मिळवून, रंग उडायचा थांबून फिकट गुलाबी छटा टिकेपर्यंत थेंब मोजले जात. या सर्व काळात जीवनसत्त्व क्षणाक्षणाने कमी होत असल्याने, भाजी कापणाऱ्याच्या हाताच्या वेगावरही आकडा थोडाफार अवलंबून असतो असे म्हणता येईल.

अशा आकड्यांचा चंचलपणा पालकाच्या लोहाइतका दुसऱ्या कशातही स्पष्ट दिसत नाही. जुन्या आवृत्तीत शंभर ग्रॅम पालकात 10.9 मिलिग्रॅम लोह नोंदले होते, आणि पालक खाल्ला की रक्त वाढते हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या त्याच बळावर शिकवले गेले. सुधारित पद्धतींनी पुन्हा तपासणी झाल्यावर तो आकडा 1.14 वर आला, म्हणजे जवळपास दशांश झाला, तर 2017 च्या कोष्टकात तो पुन्हा चढून तीन मिलिग्रॅमच्या आसपास स्थिरावला. पानांना चिकटलेली माती, खल आणि सुरी यांचे लोखंड, रसायनांतील अशुद्धता अशा अनेक वाटांनी लोह नमुन्यात शिरू शकते आणि आकडा फुगवू शकते. जमीन आणि वाण बदलले की खरोखरचा फरकही पडतो. शाळेतील तक्ते मात्र या चढउतारांची दखल न घेता जागच्या जागी राहिले, कारण शिक्षणात एकदा रुजलेला आकडा काढणे हे प्रयोगशाळेत नवा आकडा काढण्याहून अवघड असते.

2017 मध्ये टी. लोंग्वा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले कोष्टक या दृष्टीने आधीच्या सर्वांहून वेगळे आहे. त्यात 528 अन्नपदार्थ आणि 151 घटक आहेत. त्यापैकी 34 पालेभाज्या, 78 इतर भाज्या, 68 फळे आणि 19 कंदमुळे आहेत, म्हणजे सुमारे दोन पंचमांश ग्रंथ भाजीपाला आणि फळांनी व्यापला आहे. मोठा बदल आकड्यांपेक्षा नमुन्यांच्या निवडीत आहे. देशाचे सहा विभाग पाडून, त्यांतील जिल्हे शास्त्रीय पद्धतीने निवडून, तेथून नमुने गोळा केले गेले आणि ते विभागवार एकत्र करून तपासले गेले. पूर्वीच्या काळी जे हाताशी मिळे त्यावर भागवले जाई. आता कोष्टकाला प्रथमच खऱ्या अर्थाने बाजारात जावे लागले. ही गोष्ट पद्धतीची म्हणून सांगितली जाते, पण तिचा अर्थ अधिक खोल आहे. शेतातून तोडलेली भाजी आणि ताटात पडणारी भाजी यांच्यामध्ये जो व्यापार उभा असतो, तोही पोषणाचा एक घटक आहे हे त्यातून अप्रत्यक्षपणे मान्य झाले.

हा व्यापार आपल्या मापाने चालतो. महाराष्ट्रातील कृषी उत्पन्न बाजार समित्यांत टोमॅटो, वांगी, कांदा यांचे भाव क्विंटलवर निघतात, परंतु मेथी, कोथिंबीर, शेपू, चाकवत यांचे भाव शेकडा जुड्यांवर पुकारले जातात. कोष्टकही शंभरावर चालते आणि लिलावही शंभरावर, पण एकाचे शंभर ग्रॅम ठरलेले असतात आणि दुसऱ्याच्या शंभर जुड्यांचे वजन पावसाळ्यात एक, उन्हाळ्यात दुसरे असते. शिवाय मुळ्या, माती आणि वरून शिंपडलेले पाणीही जुडीबरोबर येतेच. पालेभाजी पहाटेच्या लिलावात विकली गेली नाही तर दुपारपर्यंत तिची किंमत उतरते, आणि कोमेजताना तिच्यातील क जीवनसत्त्वही उतरत जाते. अशा मालात आडत्याला आणि किरकोळ विक्रेत्याला जोखीम जास्त व नफा अनिश्चित, त्यामुळे व्यापाराचा स्वाभाविक ओढा टिकणाऱ्या मालाकडे असतो.

रुग्णाला भेटायला जाताना सफरचंद नेण्याची रीत हे या ओढ्याचे चांगले उदाहरण आहे. जुन्या कोष्टकात शंभर ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व 1 मिलिग्रॅम, संत्र्यात 30, पेरूत 212 आणि आवळ्यात 600 मिलिग्रॅम आहे. पेरू झाडावरून उतरल्यावर काही दिवसांत मऊ पडतो, सफरचंद मात्र शीतगृहात महिनोन्‌महिने टिकते, दूरवर जाते आणि हातगाडीवर चकचकीत रचून ठेवता येते. सफरचंदाच्या प्रतिष्ठेमागे त्याची चव, त्याचे परदेशी वलय आणि वैद्यकीय म्हणी आहेतच, पण टिकाऊपणाचा वाटा सहसा कोणी बोलून दाखवत नाही. शेवग्याची कथा याहून बोलकी आहे: शेंगेला बाजार आहे, तिची लांबी आणि गर पाहून भाव ठरतो, पण जुन्या कोष्टकानुसार शेंगेत कॅरोटीन अवघे 110 मायक्रोग्रॅम आणि पाल्यात 6780, आणि तो पाला महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत बाजारात येतच नाही. गाजरात याच जुन्या मोजणीने 1890 मायक्रोग्रॅम आहे, तरी ‘अ’ जीवनसत्त्वाचा धडा गाजराच्या चित्रानेच सुरू होतो.

‘अ’ जीवनसत्त्वाच्या प्रश्नात पोषणशिक्षण आणि औषध यांची स्पर्धाही दिसून येते. लहान मुलांमधील अंधत्व रोखण्यासाठी याच संस्थेच्या संशोधनावर आधारित राष्ट्रीय कार्यक्रम 1970 मध्ये सुरू झाला, ज्यात मुलांना दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्वाची मोठी मात्रा पाजली जाते. ज्या गोपालन यांच्या कारकिर्दीत हे घडले, त्यांनीच उत्तरायुष्यात मोठ्या मात्रेला कायमचा उपाय मानण्यास विरोध केला आणि परसबागेतील व बाजारातील भाज्या-फळांवर आधारित मार्गाचा आग्रह धरला. दुर्दैवाने याच काळात विज्ञानाने भाज्यांची बाजू थोडी दुबळी केली. वनस्पतीतील कॅरोटीनचे शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व होते. पूर्वी चार भाग कॅरोटीनचा एक भाग जीवनसत्त्व धरला जाई, तो हिशेब 2010 च्या शिफारशींत आठास एक असा बदलला. पालेभाजीत काहीही बदल न होता तिचे कागदावरचे मूल्य एका रात्रीत निम्मे झाले. तरीही आठास एक हे प्रमाण धरूनसुद्धा तेलात परतलेली थोडीशी पालेभाजी लहान मुलाच्या गरजेचा मोठा भाग भागवू शकते, हे मात्र तक्त्यावर लिहिले जात नाही.

संस्थेने भारतीयांसाठी काढलेल्या आहार मार्गदर्शिकेत 2011 मध्ये दिवसाला 300 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे सुचवली होती. 2024 च्या आवृत्तीत दोन हजार किलोकॅलरींच्या ताटासाठी भाज्या 400 ग्रॅम झाल्या आणि फळे तेवढीच राहिली. म्हणजे चौघांच्या घरात रोज दीड किलोहून अधिक निवडलेली भाजी लागेल, आणि पावशेर भाजीत दोन वेळा भागवणाऱ्या स्वयंपाकघराला ही शिफारस कितपत झेपते हा प्रश्न मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरच राहतो. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गांसाठी 50 ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गांसाठी 75 ग्रॅम भाजी धरली आहे. तेथे शास्त्र आणि आठवडी बाजार यांची प्रत्यक्ष गाठ पडते, कारण आठवड्याची भाजी एकदाच आणायची झाली तर कांदा, बटाटा, कोबी यांनाच अग्रक्रम मिळतो. त्यातील बटाटा फळे-भाज्यांच्या हिशेबात धरू नये अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

2017 च्या कोष्टकात ‘इतर भाज्या’ या गटाची इंग्रजी वर्णानुक्रमे शेवटची दोन नावे हिरवी झुकिनी आणि पिवळी झुकिनी अशी आहेत, जी अ‍ॅक्रॉइडच्या काळात कोणत्याही भारतीय मंडईत मिळाली नसती. कोष्टकाची निवड ‘प्रमुख अन्ने’ या तत्त्वावर, म्हणजे देशाच्या एकूण आहारात कोणत्या पदार्थांचा वाटा मोठा आहे यावर आधारलेली असते. त्यामुळे एखाद्या तालुक्यात आषाढ-श्रावणात पंधरा-वीस दिवस खाल्ल्या जाणाऱ्या टाकळा, कुर्डू, शेवळे, भारंगी अशा रानभाज्यांना तेथे जागा मिळण्याची शक्यता मुळातच कमी राहते. अलीकडे राज्याच्या कृषी विभागाने तालुक्या-जिल्ह्यांत भरवलेल्या रानभाजी महोत्सवांमुळे त्यांना ऑगस्ट महिन्यात टेबल, फलक आणि ग्राहक मिळू लागले आहेत. पुढच्या आवृत्तीसाठी नमुने गोळा करणारा कर्मचारी पिशवी घेऊन निघेल तेव्हा त्या टेबलांवरची जुडी वर्षभराच्या बाजारात शिरली आहे की नाही, यावर तिचा आकडा छापला जाणे अवलंबून राहील.