पाय धुऊन घेताना

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्सात, कॅथलिक धर्मगुरू गुडघे टेकून भाविकांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. त्या काळी हे काम नोकराचे. म्हणूनच पेत्र 'नको' म्हणाला. योहानाच्या शुभवर्तमानातील या प्रसंगाचे मर्म मला तरी पेत्राच्या या नकारात दिसते. येशूने तो चालू दिला नाही. उलट सर्वांना एकमेकांचे पाय धुवायला सांगितले. एकमेकांचे म्हणजे कधी धुवायचे, कधी धुऊन घ्यायचे.

पूर्वी नियमाप्रमाणे हा मान पुरुषांनाच होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात दोन तरुणींचेही पाय धुतले. त्यांतली एक मुस्लिम होती. २०१६ मध्ये नियमच बदलला.

चर्चमध्ये पाय पुढे करणे सोपे. ते घरून स्वच्छ धुऊनच आणलेले असतात! अंथरुणाला खिळलेल्या सासूला मात्र सुनेच्या हातून अंग पुसून घेणे जड जाते. जन्मभर घर तिच्या शब्दावर चाललेले असते. मग ती तोंड फिरवते, सून मुकाट्याने काम उरकते. एखाद्या दिवशी सासू म्हणते, "पाणी जरा कोमट घे गं," आणि दोघी बोलू लागतात.