पाऊल आणि तोल

डोक्यावर भरलेली घागर आणि पायाखाली अरुंद बांध. तरी आपण तोल सांभाळून चालतो. हे कसं जमतं? चला, आज आपलं पाऊल नीट पाहू.

आपल्या एका पावलात 26 हाडे असतात. एवढ्याशा जागेत एवढी हाडे कशाला? खडा असो, उतार असो, जमीन असेल तसे पाऊल वळावे म्हणून.

ओल्या पायाने कोरड्या फरशीवर उभे राहा. मग ठसा पाहा. टाच आणि चवडा उमटलेला दिसेल. मधली आतली बाजू बहुधा कोरडीच राहील. तिथे पावलाला कमान आहे.

तीन दगडांची चूल आपल्या ओळखीची आहे. पाऊलही मुख्यतः तीन ठिकाणी भार घेते: टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ. तिन्हीकडे भार वाटला, की आपण स्थिर उभे राहतो. सगळा भार एकाच कडेवर आला, की तोल जातो.

आता घोटा चाचपून पाहा. दोन्ही बाजूंना हाड हाताला लागते. बाहेरचे हाड आतल्यापेक्षा जास्त खाली उतरलेले आहे. त्यामुळे पाऊल बाहेर फार वळत नाही. आत मात्र सहज वळते. शिवाय हाडांना बांधणारे चिवट पट्टे बाहेरच्या बाजूला कमी मजबूत असतात. म्हणून पाय मुरगळला, की बहुधा बाहेरची बाजू सुजते.

टाच उचललेली असताना घोटा अधिक सैल असतो. म्हणून ओझे घेऊन उतरताना घाई करू नये. पाऊल पुरते टेकवावे, मगच त्यावर भार टाकावा.

आणि पाय मुरगळलाच तर? कुणी म्हणेल, चोळा, ओढा, कटकन् बसवा. तसे मुळीच करू नये. पायाला विसावा द्यावा. गार पाण्याची घडी ठेवावी. फार न आवळता पट्टी बांधावी. निजताना पाय उशीवर उंच ठेवावा. 4 पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर दवाखाना गाठावा. हाड मोडले आहे की काय, ते एक्स-रे काढल्यावर कळते.

सूज उतरली म्हणजे सारे झाले असे नाही. एकदा मुरगळलेला पाय पुन्हा मुरगळण्याचा संभव जास्त असतो. म्हणून दुखणे थांबल्यावर भिंतीजवळ एका पायावर उभे राहण्याचा रोज थोडा सराव करावा. त्याने घोट्याला बळ येते, तोलही सुधारतो.

ऐन पेरणीत पाय दुखावला, तर काम अडते, मजुरी बुडते. आपला सारा भार हे पाऊल वाहते. आपणही त्याला जपू या.