जुन्या चेतकचा प्लग वाचताना

१९७२ साली बाजारात आलेली टू-स्ट्रोक बजाज चेतक अजून कित्येक अंगणांत ताडपत्रीखाली उभी आहे. ती चालू करायची, तर किक मारत घाम गाळण्याआधी प्लग काढून बघा. काळा, ओला निघाला तर पेट्रोल पोचतंय, पण ठिणगी कमजोर आहे किंवा ऑइल जास्त झालंय. कोरडा निघाला तर बहुधा सुकलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने कार्बोरेटरचा जेट बुजलाय. फिकट तपकिरी असेल तर तब्येत ठणठणीत.

खरी गोची पांढऱ्या प्लगची. या इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबलं जातं, मग सिलिंडरमध्ये चढतं. फ्लायव्हीलकडचं ऑइल सील कडक होऊन फट पडली, की तिथून जादा हवा शिरते. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन भणाणत राहतं, तापतं आणि शेवटी पिस्टन जाम होतो. क्लचकडचं सील गेलं, तर गिअर ऑइल ओढलं जाऊन पांढऱ्या धुराचे लोट निघतात. फ्लायव्हील उतरवायचा कंटाळा म्हणून बरेच जण कार्बोरेटरशीच झटापट करत बसतात. वेळ फुकट!

आणि हो, पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल घालायला विसरू नका. पिस्टनला दुसरं वंगण नाही.